बिटकॉइनची चिल्लर: सातोशी, बिट, मिली की आणखी काही?

वॉलेटवाला (धागाकर्ता)

मंडळी, एका मुक्तस्रोत बिटकॉइन वॉलेटचं (बिटकॉइन हे आभासी चलन ठेवायच्या-पाठवायच्या ॲपचं) मराठीकरण आम्ही चार-पाच जण फावल्या वेळात करतोय. बटणं, सूचना, धोक्याचे इशारे बरेचसे झाले. घोडं अडलंय ते रकमेपाशी. 'पाठवायची रक्कम' या चौकटीपुढे एकक म्हणून काय लिहायचं?

ज्यांना या विषयाची ओळख नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. एका बिटकॉइनचे दहा कोटी भाग पडतात, म्हणजे आठ दशांश स्थळं. सगळ्यात लहान भाग सातोशी (बिटकॉइनचा निर्माता सातोशी नाकामोतो याच्या नावावरून), बोलताना नुसतं सॅट. २०१० मध्ये हे नाव पहिल्यांदा सुचवलं गेलं तेव्हा ते बिटकॉइनच्या शंभराव्या भागासाठी होतं, रुपयाला पैसा तसं. पुढच्याच वर्षी ते थेट आठव्या स्थळावर उतरलं आणि तिथे रुजलं. मधल्या पायऱ्यांना शास्त्रीय उपसर्ग लागतात: हजारावा भाग मिलीबिटकॉइन, दशलक्षावा मायक्रोबिटकॉइन. या मायक्रोला 'बिट' म्हणायची पद्धत २०१४ मध्ये काही कंपन्यांनी सुरू केली आणि डिसेंबर २०१७ मध्ये जिमी साँग या प्रोग्रामरने तिचा रीतसर प्रस्ताव मांडला, बिटकॉइनच्या सुधारणा-प्रस्तावांच्या यादीतला क्रमांक १७६. एक बिट म्हणजे शंभर सातोशी, पुढे दोनच दशांश स्थळं.

आता २०२५ मध्ये जॉन कार्व्हालो यांचा प्रस्ताव १७७ आला आहे. त्याचं म्हणणं, भानगडच नको, सगळ्यात लहान भागालाच 'बिटकॉइन' म्हणा. आज ज्याच्याकडे ०.०५ आहे त्याच्याकडे उद्या पन्नास लाख बिटकॉइन! दशांशचिन्ह कायमचं हद्दपार.

मूळ ॲपमध्ये सेटिंगमध्ये चार पर्याय आहेत. ते चारही मराठीत उतरवून मोकळं होता येईल. पण पहिल्यांदा ॲप उघडणाऱ्याला एकच एकक दिसावं असं माझं मत आहे. कोणतं, ते सांगा.

आणि हो, 'बिटकॉइन घ्यावं का' असा हा धागा नाही. कृपया.

निर्गुणी

नाही म्हणालात म्हणून तेच विचारतो. (हलके घ्या.) भारतात या सॅटांनी चहा कोण पितो? एप्रिल २०२२ पासून नफ्यावर सरळ ३० टक्के कर. तोटा झाला तर तो दुसरीकडच्या नफ्यातून वजाही करता येत नाही. जुलै २०२२ पासून वर १ टक्का टीडीएस. टपरीवर सॅट देऊन कटिंग घेतलंत तरी कायद्याच्या लेखी तुम्ही मालमत्ता विकलीत. ज्याच्यातून रोजचं काही विकत घ्यायचं नाही त्याच्या चिल्लरीचं बारसं कशाला?

सीए_कोथरूड

किंचित दुरुस्ती. टीडीएसला वर्षाची मर्यादा आहे, १०,००० रुपये, काही जणांसाठी ५०,०००. त्यामुळे कटिंगपुरता टीडीएस लागणार नाही. ३० टक्के मात्र पहिल्या रुपयाच्या नफ्यापासून, हे बरोबर.

पण नावाची गरज फक्त विकत घेताना असते असं नाही हो. वाचतानाही असते. माझ्याकडे येणाऱ्यांच्या विवरणपत्रात आभासी मालमत्तेचा वेगळा तक्ता भरावा लागतो. तो रुपयांत असतो, पण त्यासाठी जी एक्सेल फाइल येते तिच्यात ०.०००८३४१२, खाली ०.००८३४१२, त्याखाली ०.०८३४१२. अशी दोनशे ओळींची फाइल संध्याकाळी सात वाजता वाचून बघा. शून्यं मोजायला पेन्सिलचं टोक स्क्रीनला लावावं लागतं. तेच ८३,४१२ आणि ८,३४,१२० आणि ८३,४१,२०० असं असतं तर एका नजरेत कळलं असतं. कुठलंही नाव द्या, पण पूर्णांकात द्या.

कोडबहाद्दर

+१ ताई. गंमत म्हणजे आतल्या खातेवहीत बिटकॉइन नावाचं काही नसतंच. प्रत्येक व्यवहारात ६४ बिटांचा (हे संगणकाचे बिट, वरचे नव्हेत) पूर्णांक लिहिलेला असतो आणि तो सातोशींचा असतो. खातेवहीत नवं पान जोडणाऱ्याला मिळणारं सुरुवातीचं ५० बिटकॉइनचं बक्षीस कोडमध्ये ५० गुणिले १०,००,००,००० असं लिहिलंय. दशांशचिन्ह हा वरचा मुलामा, माणसांना दाखवण्यापुरता.

एकूण सातोशी कधीच २१ कोटी कोटींच्या वर जाणार नाहीत (२.१ कोटी बिटकॉइन गुणिले १० कोटी). ब्राउझरमधली जावास्क्रिप्ट साधारण ९० कोटी कोटींपर्यंतचे पूर्णांक बिनचूक धरते, त्यामुळे सगळं त्यात आरामात मावतं. उलट ०.१ आणि ०.२ ची बेरीज तिथे ०.३ येत नाही, हे कोणत्याही नवशिक्या प्रोग्रामरला विचारा. म्हणून यंत्रालाही सॅटच सोयीचे.

जाता जाता, लाइटनिंगवर (बिटकॉइनचे लहान व्यवहार झटपट करणाऱ्या जाळ्यावर) सॅटचेही हजार भाग करतात, मिलीसॅट. तो कीडा आत्ता बाहेर काढत नाही.

अकोल्याचा_राजू

इतकं डोकं काहून लावता बे? चिल्लरले दमडी म्हना नं. चवली, पावली, अधेली, ढब्बू, शिवराई, सारं पडेल हाय आपल्याकडं. नाई तं कवडी. भाव पडला का आपोआप कवडीमोल.

वॉलेटवाला

राजूभाऊ, ही यादी आमच्या गटातही पहिल्याच दिवशी निघाली होती. 'शिवराई'वर दोघांचे डोळे चमकलेही. पण इंग्रजी मदतपानावर सॅट, यूट्यूबवर सॅट आणि आमच्या ॲपमध्ये शिवराई, असं झालं तर नवखा माणूस मदत मागणार कोणाकडे? पैसे अडकल्यावर तो नेटवर जो शब्द शोधणार तोच ॲपमध्ये हवा.

कोडबहाद्दर

शिवाय पावली म्हणजे पाव. चार आणे, रुपयाचा चौथा हिस्सा. तो अर्थ पाळला तर पाव बिटकॉइन, म्हणजे अडीच कोटी सॅट. एक कोटीच्या भावाने २५ लाख रुपयांची पावली. राजूभाऊ, एवढी चिल्लर असेल तर आमच्याकडेही पाठवा.

अकोल्याचा_राजू

पाठवतो. ढब्बू चालन का?

जुनं_पासबुक

मी बँकेतून निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली. बिटकॉइनमधलं मला कळत नाही, नातू समजावून थकला. पण प्रस्ताव १७७ बद्दल वाचून राहवलं नाही, कारण ही गोष्ट आमच्या डोळ्यांदेखत एकदा झालेली आहे.

१ एप्रिल १९५७ पर्यंत रुपयाचे सोळा आणे, आण्याचे चार पैसे, पैशाच्या तीन पै. म्हणजे रुपयाला ६४ पैसे आणि १९२ पै. त्या दिवसापासून रुपयाचे १०० पैसे झाले. नाव तेच, पैसा, पण किंमत वेगळी. जुना पैसा रुपयाचा चौसष्टावा भाग, नवा शंभरावा. दोन्ही नाणी काही वर्षं एकाच गल्ल्यात. मग सरकारने काय केलं? नव्याचं नाव नुसतं 'पैसा' न ठेवता 'नया पैसा' ठेवलं. 'नया' हा शब्द १ जून १९६४ ला काढला, तोवर जुनी नाणी हातातून गेली होती. सात वर्षं तो एक शब्द घोटाळा टाळत राहिला.

आणखी एक. एक नया पैशाच्या नाण्यावर 'रुपये का सौवाँ भाग' असं छापलेलं होतं. दहाच्या नाण्यावर 'रुपये का दसवाँ भाग'. कोष्टक पाठ नसलं तरी नाणंच सांगत होतं आपण कोण ते.

तरीही कटकटी झाल्याच. एक आणा म्हणजे सव्वासहा नये पैसे, ते सहा धरायचे. दोन आणे बारा, तीन आणे एकोणीस, चार आणे पंचवीस. आता आण्याआण्याच्या चार वस्तू एकेक करून घेतल्या तर चोवीस, एकदम घेतल्या तर पंचवीस. आमच्या आळीतल्या पोरांनी हे पहिल्याच आठवड्यात हेरलं होतं.

आता १७७ वाले 'बिटकॉइन' हा शब्द तोच ठेवून अर्थ दहा कोटी पटींनी खाली आणणार, आणि 'नया' कुठे आहे? मला तो दिसला नाही.

सीए_कोथरूड

काका, प्रतिसादाची वाचनखूण साठवली. तुर्कस्तानने २००५ मध्ये लिऱ्याची सहा शून्यं उडवली तेव्हाही नव्याच्या नावात 'नवा' असा शब्द होता, तो २००९ च्या जानेवारीत काढला. म्हणजे हा धडा सगळीकडे सारखाच गिरवला जातो. तिथे निदान एक मध्यवर्ती बँक होती आणि अमुक तारखेपासून असं सांगणारं कोणीतरी होतं. बिटकॉइनला तारीख कोण देणार? एका वॉलेटने बदललं, दुसऱ्याने नाही, की मित्राने 'दोन बिटकॉइन पाठव' असा निरोप पाठवल्यावर नक्की काय पाठवायचं?

वॉलेटवाला

१७७ च्या बाजूचा मुद्दाही सांगतो, नाहीतर एकतर्फी होईल. नव्या माणसाला 'एक बिटकॉइन परवडत नाही' असं वाटतं आणि तो तिथूनच परत फिरतो. अपूर्णांक घ्यायला मन धजत नाही. मग तो ज्याची लाखो नाणी शे-पाचशे रुपयांत मिळतात अशा कुठल्यातरी कुत्र्याच्या चित्राच्या नाण्याकडे वळतो. शिबा इनूची सुरुवातच दहा कोटी कोटी नाण्यांनी झाली होती, ती उगाच नव्हे. हातात पूर्ण आकडे आले की श्रीमंत वाटतं. १७७ वाल्यांना वाटतं की शब्द एकच राहिला तर हा मानसिक अडसर जाईल आणि सातोशी हे दुसरं नाव शिकवायलाही नको.

निर्गुणी

म्हणजे दुकानातली पाटी बदलायची, माल तोच.

तोळामासा

जळगावहून. घरात तीन पिढ्यांची सराफी आहे. नाव तेच ठेवून माप बदलता येतं, आमच्या धंद्यात झालंय. तोळा म्हणजे बारा मासे, मासा म्हणजे आठ गुंजा, एकूण ९६ गुंजा, वजन ११.६६ ग्रॅम. आज गिऱ्हाईक तोळा म्हणतं तेव्हा आम्ही १० ग्रॅम तोलतो. कोणी भांडत नाही. आजोबांच्या वहीतला तोळा आणि माझ्या बिलावरचा तोळा वेगळा आहे हे गिऱ्हाइकाला माहीतही नसतं.

त्यामुळे १७७ अगदीच टाकाऊ नाही.

जुनं_पासबुक

तोळ्यात सातवा हिस्सा कमी झाला. इथे दहा कोटी पट आहे. शिवाय तुमच्या बिलावर ग्रॅम छापलेले असतात, तोळा फक्त तोंडात. कायद्याचं माप आणि बोलीतलं माप वेगळं असलं की बोलीतलं सैल झालेलं चालतं.

तोळामासा

हे मात्र खरं. बिलावर तोळा लिहिला तर आमचीच पंचाईत.

फोंडेकर_बाप्पा

गोव्याची भर घालतो. आमच्याकडे पोर्तुगिजांच्या वेळी रुपिया होती, सोळा तांगांची. १९५८ मध्ये ती काढून एस्कुदो आणला, एका रुपियेला सहा एस्कुदो. सहा! दहा नाही, शंभर नाही. एस्कुदोचे परत शंभर सेंताव्ह. तीन वर्षांत गोवा मुक्त झाला आणि भारतीय रुपया आला. आमच्या घरात मधली ती तीन वर्षं कोणाच्या जिभेवर बसलीच नाहीत, वडील एस्कुदो मोजून द्यायचे आणि हिशेब रुपयांत बोलायचे. वरून आलेलं नाव घरात शिरायला वेळ लागतो, आणि तेवढा वेळ मिळाला नाही तर ते नाण्यांच्या संग्रहात जातं.

लुगानोची_मावशी

स्वित्झर्लंडहून लिहितेय. लुगानोत २०२२ पासून नगरपालिकेनेच पुढाकार घेऊन दुकानांत बिटकॉइन घेणं सुरू केलंय, कॉफीपासून नगरपालिकेच्या करापर्यंत. म्हणून निर्गुणींच्या प्रश्नाला माझं उत्तर: इथे पितात कॉफी, मीही प्यायले आहे.

पण त्या अनुभवावरून सांगते, मेनूवर सॅट कुठेही नाहीत. किंमत फ्रँकमध्ये असते. काउंटरवरचं यंत्र त्या क्षणाच्या भावाने क्यूआर कोड दाखवतं, फोनवर क्षणभर सॅटचा आकडा चमकतो, कोणीही तो वाचत नाही. एल साल्वादोरने सप्टेंबर २०२१ मध्ये बिटकॉइनला कायदेशीर चलन केलं तेव्हाही तिथले भाव डॉलरमध्येच राहिले, आणि जानेवारी २०२५ च्या दुरुस्तीनंतर तर दुकानदारावर सक्तीही उरली नाही. भाव ज्या चलनात ठरतो त्याच चलनात माणूस विचार करतो. सकाळी ५,००० सॅट असलेली कॉफी संध्याकाळी ५,२०० होते, मग ती संख्या लक्षात ठेवायची कशाला?

सॅटमध्ये खरोखर विचार होतो ती जागा मला एकच माहीत आहे. नॉस्टरसारख्या समाजमाध्यमावर कोणाचं लिखाण आवडलं की त्याला २१ सॅट, १०० सॅट असे 'झॅप' करतात. तिथे फ्रँक मध्ये येत नाही. शंभर झॅप केले म्हणजे शंभरच, त्याचे फ्रँक किती झाले हे कोणी बघत नाही.

निर्गुणी

म्हणजे दक्षिणेच्या ताटलीत टाकण्यापुरतं चलन.

लुगानोची_मावशी

हो, तसंच. पण दक्षिणेला सव्वा रुपया लागतो, ०.००००००२१ टाकून चालत नाही.

कोडबहाद्दर

मावशींचा मुद्दा इथेरियम या दुसऱ्या आभासी चलनव्यवस्थेवर पडताळून बघा, अगदी चपखल बसतो. तिथे एका इथरचे १८ दशांश स्थळांपर्यंत तुकडे पडतात. सुरुवातीलाच हौसेने सगळ्या पायऱ्यांना नावं दिली होती: सगळ्यात लहान वेई, मग बॅबेज, लव्हलेस, शॅनन, सॅबो, फिनी. वेई डाय, क्लॉड शॅनन, निक सॅबो, हॅल फिनी अशा बड्या मंडळींची. आज सॅबो किंवा फिनीमध्ये रक्कम बोलणारा माणूस मला भेटलेला नाही. उरलं काय? वेई, कारण कोड त्यात चालतो. आणि शॅननच्याच जागी बसलेला ग्वेई, म्हणजे अब्ज वेई. ग्वेई का टिकला? कारण व्यवहाराचं शुल्क त्यात मोजलं की आकडा २०, ३५, ८० असा तोंडात मावणारा येत असे आणि प्रत्येकाला तो रोज बघावा लागे. सन्मान म्हणून दिलेली नावं गेली, रोज डोळ्यांपुढे येणारं राहिलं.

अशाच आणखी दोन चलनव्यवस्था: कार्डानोत दशलक्षाव्या भागाला लव्हलेस, सोलानात अब्जाव्या भागाला लॅम्पोर्ट. नावं आहेत, पण प्रोग्रामर सोडून कोणाच्या तोंडी नाहीत.

आणि बिटकॉइनच्या मिली-मायक्रोचं काय झालं? ते गेले यंत्राच्या पोटात. लाइटनिंगचं देयक 'एलएनबीसी२५००यू' असं सुरू होतं, त्यातला 'यू' म्हणजे मायक्रो. २,५०० मायक्रोबिटकॉइन म्हणजे २,५०,००० सॅट. देयकात मायक्रो, पडद्यावर सॅट.

निर्गुणी

सरकारी डिजिटल रुपयाचं कोणी बोलत नाही. रिझर्व्ह बँकेने १ डिसेंबर २०२२ ला तो सामान्यांसाठी प्रायोगिक तत्त्वावर आणला, पहिल्या चार शहरांत आपली मुंबईही होती. तिथे नावांचा प्रश्नच आला नाही. कागदी नोटा आणि नाणी ज्या मूल्यांची, तीच ॲपमध्ये, अगदी ५० पैशांपर्यंत. कोणी समिती नेमून 'ई-पैशा'चं बारसं केलं नाही.

सीए_कोथरूड

कारण ते नवं चलन नाहीच, त्याच रुपयाचं दुसरं रूप आहे. तरी एक गोष्ट तुम्ही नकळत चांगली सांगितलीत. ५० पैशांचं नाणं अजून कायदेशीर आहे. २५ पैसे आणि त्याखालची नाणी ३० जून २०११ नंतर बंद झाली. तरी 'चार आणे' तोंडातून गेले नाहीत आणि 'पै न् पै'चा हिशोब तर मीच रोज मागते, पै कधी बघितलेली नसताना.

वरणभात

मी इतका वेळ नुसतीच वाचत होते. एक गोष्ट कोणीच कशी बोललं नाही याचं आश्चर्य वाटतंय.

मिली, मायक्रो, बिट ही सगळी खटपट इंग्रजीची आहे. त्यांच्याकडे हजारानंतर एकदम दशलक्ष. मधल्या एक लाखाला त्यांच्याकडे स्वतःचं नाव नाही आणि दहा कोटीलाही नाही. म्हणून त्यांना पायऱ्या बांधाव्या लागतात. आपल्याकडे पायऱ्या आधीच आहेत. दहा कोटी सॅट म्हणजे एक बिटकॉइन. एक लाख सॅट म्हणजे त्यांचा एक मिलीबिटकॉइन, नेमका! शंभर सॅट म्हणजे त्यांचा बिट. 'माझ्याकडे तीन लाख सॅट आहेत' हे कोणत्याही मराठी माणसाला कळतं, 'तीन मिलीबिटकॉइन' हे शिकवावं लागतं.

आणि भावाचंही बघा. २०२५ मध्ये बिटकॉइन एक कोटी रुपयांच्या आसपास गेला होता. त्या भावाने रुपयाला दहा सॅट. शंभर सॅट दहा रुपये. एक लाख सॅट दहा हजार रुपये. एक कोटी सॅट दहा लाख. एक शून्य उडवलं की रुपये! भाव वरखाली होईल तसं हे गणित हलणार, पण अंदाज घ्यायला याहून सोपं काय? तेव्हा मधलं नाव हवंच कशाला. सॅट ठेवा, आणि स्वल्पविराम आपल्या पद्धतीने द्या, लाख-कोटीचे.

वॉलेटवाला

वरणभात, तुम्ही इतके दिवस होतात कुठे? आमच्या गटात दोन आठवडे 'मिली'ला मराठी प्रतिशब्द शोधणं चाललं होतं.

मुद्रितशोधक

स्वल्पविरामावरून आठवलं, आकड्यांकडे लक्ष द्या. संगणकांच्या प्रमाणित भाषा-माहितीत मराठी निवडली की आकडे आपोआप देवनागरी होतात, १,००,००० असे. लाखाचे गट बरोबर पडतात, हे छान. पण पैशाच्या ॲपमध्ये एक धोका आहे. देवनागरी चार ओझरता पाहिला तर इंग्रजी आठसारखा दिसतो, आणि सातात इंग्रजी सहाचा भास होतो. पाठवणाऱ्याच्या फोनवर मराठी आकडे आणि घेणाऱ्याच्या फोनवर इंग्रजी असले, आणि त्याने तुमच्या स्क्रीनचा फोटो पाहून रक्कम टाकली, तर? पुस्तकात चुकलेला आकडा शुद्धिपत्रात दुरुस्त होतो. इथे गेलेले पैसे परत येत नाहीत.

दुसरं, सातोशी असं लिहा, 'सतोशी' किंवा 'सॅटोशी' नको. मूळ जपानी उच्चार पहिल्या अक्षराला आ लावूनच आहे. आखूड रूप मात्र इंग्रजीतून आलेलं आहे, म्हणून 'सॅट' चालेल. अनेकवचन करू नका. शंभर सॅट, लाख सॅट, जसे शंभर ग्रॅम. 'सॅट्स' पाहिलं की माझा पेन आपोआप उघडतो.

अकोल्याचा_राजू

काका, वरती 'सॅटांनी चहा' असं निर्गुणीनं लिवलं हाय. पकडा त्याले.

मुद्रितशोधक

पाहिलं होतं. विभक्ती लागल्यावर तेवढं चालतं, ग्रॅमांनी म्हणतो तसं. निर्गुणी सुटले.

कोडबहाद्दर

आकड्यांचा मुद्दा गंभीर आहे. माझं मत: लेबलं मराठी, स्वल्पविराम लाखाचे, पण आकडे इंग्रजी, आणि सेटिंगमध्ये देवनागरीचा पर्याय. मराठीप्रेम दाखवायची जागा रकमेची चौकट नव्हे.

फोंडेकर_बाप्पा

याला माझा विरोध. बेस्टच्या बसवर मराठी आकडे असतात, लोक बरोबर बस पकडतात.

कोडबहाद्दर

चुकीची बस पकडली तर पुढच्या थांब्यावर उतरता येतं, बाप्पा.

वॉलेटवाला

बरं. गटाशी बोललो, आत्तापुरतं ठरलंय ते असं.

पहिल्यांदा ॲप उघडलं की 'सॅट' दिसेल, लाख-कोटीच्या स्वल्पविरामांसह, खाली बारीक अक्षरात त्या वेळच्या भावाने रुपये. मोठी रक्कम लिहिताना शेजारी शब्दातही येईल: 'तीन लाख बारा हजार सॅट'. चेकवर अक्षरी लिहितो तसं. मुद्रितशोधकांच्या चार-आठच्या भीतीवर हा उतारा आहे, आकडा चुकला तरी शब्द ओरडतो. जुनं पासबुक काकांची कल्पना सरळ उचललीय: सॅट या शब्दावर बोट ठेवलं की 'बिटकॉइनचा दहा कोटीवा भाग' असं दिसेल.

'बिटकॉइन' हा पर्याय सेटिंगमध्ये राहील, जुन्या अर्थानेच. 'मिली' आणि 'बिट' मराठीत दाखवणारच नाही. १७७ चं बघू. इतर मोठ्या वॉलेटांनी उचललं तर आम्हाला मागे जावंच लागेल, पण तेव्हाही काही काळ शब्दापुढे 'नवा' लावायचा आग्रह मी मूळ प्रकल्पात धरणार आहे.

आकड्यांवर दोन विरुद्ध दोन मतं पडली. म्हणून तूर्त इंग्रजी. बाप्पा, रागावू नका.

फोंडेकर_बाप्पा

रागावलो नाही. पण लिहून ठेवा की विरोध नोंदवला होता.

सीए_कोथरूड

आणि एक्सेलमध्ये निर्यात करताना? तिथे आठ दशांश स्थळं आली तर मी परत पेन्सिल घेऊन बसेन.

वॉलेटवाला

निर्यातीत दोन रकाने देतो, सॅट आणि व्यवहाराच्या वेळचे रुपये. चालेल?

सीए_कोथरूड

तारीख-वेळ भारतीय प्रमाणवेळेत द्या, तर चालेल.

कोडबहाद्दर

हे सगळं छान, पण लाइटनिंगवर पैसे पाठवताना मधल्या नोडचं (वाटेतल्या संगणकाचं) शुल्क मिलीसॅटमध्ये कापलं जातं. खात्यात ४१,९९९.३७० सॅट उरले तर काय दाखवणार? ४१,९९९ की ४२,०००?

वॉलेटवाला

खाली उतरवून ४१,९९९. आहे त्याहून जास्त दाखवलं तर माणूस तेवढे पाठवायला जाईल आणि व्यवहार फसेल.

कोडबहाद्दर

मग दर वेळी ते अर्धे-पाऊण सॅट कुठे जातात असं विचारणारे येतील.

वॉलेटवाला

येऊ देत. 'शिल्लक रकमेत एका सॅटपेक्षा लहान भाग दाखवला जात नाही' अशी एक ओळ मदतपानात टाकतो. त्या लहान भागाला काय म्हणायचं याचा धागा मात्र तू काढ.